औषध मेंदूत पोचले का, हे आधी विचारा

संपादक महोदय,

कंपवातावर, म्हणजे पार्किन्सन्सवर, 'एन्झाइम रोखणारे नवे औषध सापडले' अशी बातमी अधूनमधून सगळ्याच वृत्तपत्रांत झळकते. बातमीत उंदीर असतात, सूक्ष्मदर्शकाशी बसलेल्या संशोधकाचे छायाचित्र असते आणि काही वर्षांत औषध बाजारात येण्याचे आश्वासन असते. नसते ती एकच गोष्ट: ते औषध माणसाच्या मेंदूत किती पोचले आणि तिथे त्या एन्झाइमचे (पेशीतली रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाचे) काम किती टक्के थांबले. या दोन आकड्यांवाचून अशा बातमीला फारसा अर्थ उरत नाही. असे का, ते थोडे विस्ताराने लिहीत आहोत.

आधी एक घोळ निस्तरायला हवा. एन्झाइम रोखणारी औषधे कंपवाताच्या रुग्णाच्या गोळ्यांच्या डबीत आधीपासूनच असतात. मेंदूत डोपामाइन, म्हणजे हालचालींना लागणारे संदेशवाहक रसायन, बनावे म्हणून लेव्होडोपा देतात आणि त्यासोबत कार्बिडोपा. लेव्होडोपाचे मेंदूबाहेरच डोपामाइन करून टाकणारे एन्झाइम ते अडवते. सेलेजिलिन आणि रासाजिलिन मेंदूत डोपामाइन मोडणाऱ्या एमएओ-बी या एन्झाइमला रोखतात, तर एन्टाकापोन सीओएमटी या एन्झाइमला. या साऱ्यांचे काम डोपामाइनची बचत करणे एवढेच आहे. डोपामाइन बनवणाऱ्या पेशी मरण्याचे थांबते, असे यांतल्या एकाही औषधाबाबत सिद्ध झालेले नाही. नव्या पिढीच्या औषधांचा दावा मात्र नेमका तोच आहे, त्यामुळे दोन्हींना एकाच मापाने मोजता येत नाही.

सध्या सर्वाधिक चर्चेत असलेले लक्ष्य म्हणजे एलआरआरके२ हे एन्झाइम. प्रयोगशाळेत त्याला सगळे 'लर्क टू' म्हणतात. २००२ मध्ये एका जपानी कुटुंबातल्या कंपवाताचा माग बाराव्या गुणसूत्रापर्यंत लागला आणि २००४ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे तिथले जनुक शोधून काढले. २,५२७ अमिनो आम्लांचे हे अवाढव्य प्रथिन आहे. त्यातला एक भाग काइनेजचा, म्हणजे एटीपी या पेशीतल्या ऊर्जावाहक रेणूवरचा फॉस्फेट उचलून दुसऱ्या प्रथिनावर बसवणारा. जी२०१९एस या सर्वाधिक आढळणाऱ्या बदलात २०१९ व्या जागी ग्लायसिनऐवजी सेरीन येते आणि काइनेजचे काम दोन-तीन पटींनी वाढते. हा फॉस्फेट कोणावर बसतो, ते २०१६ मध्ये स्पष्ट झाले: रॅब८, रॅब१० यांसारख्या प्रथिनांवर. पेशीतल्या सूक्ष्म पिशव्यांची ने-आण ही प्रथिने सांभाळतात. ती बिघडली की पेशीतला कचरा निपटणाऱ्या लाइसोसोमचेही तंत्र बिघडते.

काम वाढल्याने रोग होतो, तेव्हा काम कमी करावे. इतका सरळ धागा या क्षेत्रात क्वचितच हाती लागतो, म्हणून कंपन्या यामागे लागल्या. पण मेख अशी की, हा बदल घराण्यात आधी कोणाला रोग नसलेल्या कंपवाताच्या रुग्णांत जगभर जेमतेम एक टक्का आढळतो. उत्तर आफ्रिकेतल्या अरब-बर्बर रुग्णांत तो तिसऱ्या हिश्श्याहून अधिक जणांत दिसतो, आशियात तुरळक. शिवाय बदल असलेल्या प्रत्येकाला रोग होतोच असेही नाही. बाकी ९९ टक्के रुग्णांत हे एन्झाइम रोखून काही साधेल का, हा अजून तर्क आहे. बातमीत तो सिद्धान्त म्हणून छापला जातो.

आता रेणूकडे वळू. काइनेज रोखण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे एटीपी बसते त्याच खाचेत आपला रेणू बसवणे. माणसाच्या शरीरात पाचशेहून अधिक काइनेज आहेत आणि त्या सगळ्यांची ही खाच एकाच साच्यातल्या कुलपांसारखी आहे. म्हणून रेणू हाती लागला की पहिल्यांदा तो इतर शेकडो काइनेजांच्या संचावर तपासावा लागतो. एलआरआरके२ साठी पुरणाऱ्या मात्रेच्या शंभरपट मात्रेतही बाकीचे काइनेज शाबूत राहिले, तर पुढे जाण्यात अर्थ. पेशीविभाजन किंवा हृदयाचे ठोके सांभाळणाऱ्यांपैकी एखादा जरी अडकला, तरी रोज, वर्षानुवर्षे घ्यायच्या गोळीसाठी तो रेणू बाद. कर्करोगात चालून जाणारे दुष्परिणाम इथे चालत नाहीत, कारण इथला रुग्ण पुढे वीस वर्षे जगणार असतो.

परीक्षानळीतला आकडा फसवतो तो इथे. तिथे एटीपी मुद्दाम कमी, बहुधा शंभरेक मायक्रोमोलर ठेवलेले असते (मोलर हे द्रावणाच्या तीव्रतेचे माप; एक मिलिमोलर म्हणजे हजार मायक्रोमोलर, एक मायक्रोमोलर म्हणजे हजार नॅनोमोलर). जिवंत पेशीत ते एक ते पाच मिलिमोलर, म्हणजे दहा ते पन्नास पट असते आणि आपल्या रेणूला त्या गर्दीतून जागा मिळवावी लागते. समजा, एटीपी शंभर मायक्रोमोलर असताना या एन्झाइमच्या निम्म्या खाचा भरतात आणि पेशीत एटीपी दोन मिलिमोलर आहे. मग नळीत ५ नॅनोमोलरला निम्मे काम थांबवणाऱ्या रेणूला पेशीत त्याच परिणामासाठी सुमारे ५० नॅनोमोलर लागतील. 'नॅनोमोलर ताकदीचे औषध' असे वाचले की हा आकडा नळीतला की पेशीतला, हे विचारलेच पाहिजे.

आणि खरे घोडे पेंड खाते ते मेंदूच्या दाराशी. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की रेणूला फटीतून शिरता येत नाही, पेशीतूनच पार व्हावे लागते. त्यासाठी तो लहान हवा (साधारण साडेचारशे डाल्टनच्या आत; डाल्टन हे रेणूच्या वजनाचे माप), स्निग्धात मावणारा हवा आणि हायड्रोजन बंध देणारे गट त्यावर एक-दोनच हवेत. एवढे जमवूनही पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पंप आत आलेला रेणू पुन्हा रक्तात फेकतो. कार्बिडोपा मेंदूत जात नाही हीच त्याची खुबी. इथे तोच गुण औषधाच्या मुळावर येतो. २०११ मध्ये आलेला पहिला नेमका अवरोधक, एलआरआरके२-इन-१, प्रयोगशाळेत उत्तम होता. पण तो मेंदूत नीट शिरत नव्हता, म्हणून त्याचा उपयोग साधन म्हणूनच राहिला.

मेंदूत किती औषध गेले, हे सांगतानाही हातचलाखी होऊ शकते, बहुतेकदा नकळत. उंदराचा मेंदू वाटून त्यातले एकूण औषध मोजले तर आकडा छान येतो, कारण स्निग्ध रेणू मेंदूतल्या चरबीला चिकटून बसतात. चिकटलेला रेणू काम करत नाही. रक्तातही तसेच: शंभरातले ९८ भाग प्रथिनांना चिकटलेले असतील, तर कामाचे उरतात दोन. म्हणून तुलना करायची ती मेंदूतल्या मोकळ्या औषधाची रक्तातल्या मोकळ्या औषधाशी. हे गुणोत्तर एकच्या जवळ असेल तर औषध विनाअडथळा जाते. ०.१ असेल तर पंप जिंकतो आहे.

हे न पाहिल्याने काय होते, त्याचा धडा निलोटिनिबने दिला आहे. हे मूळचे रक्तकर्करोगाचे औषध, एबीएल नावाचे काइनेज रोखणारे. २०१५ च्या सुमारास डझनभर रुग्णांवरच्या, प्लासिबो (दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी) गट नसलेल्या एका छोट्या अभ्यासाची जगभर बातमी झाली आणि रुग्णांचे नातलग हे महागडे औषध मागू लागले. मग ७६ रुग्णांवर प्लासिबोसह काटेकोर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. मेंदूभोवतीही फिरणाऱ्या मणक्यातल्या पाण्यात सापडलेले औषध रक्तातल्या औषधाच्या ०.२ ते ०.३ टक्के होते. निलोटिनिब ९८ टक्के प्रथिनांना चिकटते, हे जमेस धरले तरी मोकळ्या औषधाचा फार तर सातवा हिस्सा आत गेला. डोपामाइनच्या घटकांत फरक नाही आणि हालचालींतही सुधारणा नाही. यातली मणक्यातल्या पाण्याची मोजणी पहिल्यांदाच नेटाने झाली असती, तर मधली वर्षे आणि रुग्णांची आशा वाचली असती.

आता समजा औषध मेंदूत पोचले. पुढचा प्रश्न: किती रोखायचे? साधे गणित पाहा. निम्मे काम थांबवायला लागणारी मोकळ्या औषधाची मात्रा एक धरा. मात्रा चौपट केली तर ८० टक्के काम थांबते, नऊपट केली तर ९० टक्के. म्हणजे पन्नासवरून नव्वदवर जायला औषध नऊपट लागते आणि दुष्परिणामांची शक्यताही त्याबरोबर चढते. शिवाय औषध उतरत असते. गोळीनंतर मात्रा नऊवर गेली आणि औषधाचा अर्धायु (मात्रा निम्मी होण्याचा वेळ) बारा तास असेल, तर चोवीस तासांनी मात्रा सव्वादोन उरते आणि रोख, म्हणजे थांबलेले काम, ६९ टक्के. अर्धायु सहाच तास असेल तर चोवीस तासांनी रोख ३६ टक्क्यांवर येते, म्हणजे दुसऱ्या गोळीच्या आधीचे सुमारे पाच तास एन्झाइमचे निम्म्याहून अधिक काम चालूच. बातमीत येणारा 'नव्वद टक्के' हा आकडा बहुधा शिखराचा असतो. विचारावा तो तळाचा.

जास्त रोखण्याला दुसरीही किंमत आहे. एलआरआरके२ फक्त मेंदूत नसते. फुप्फुस, मूत्रपिंड आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशींतही भरपूर असते. २०१५ मध्ये माकडांवरच्या विषारीपणाच्या चाचण्यांत फुप्फुसातल्या विशिष्ट पेशी (टाइप-२ न्यूमोसाइट) फुगलेल्या आढळल्या. या पेशी फुप्फुसाला आतून मऊ ठेवणारा द्रव साठवतात आणि सोडतात. औषधाने ते सोडणे मंदावले होते. सगळ्या क्षेत्राला घाम फुटला, कारण हा बिघाड रेणूचा नव्हता. लक्ष्य रोखल्याचाच तो परिणाम होता: हे जनुक काढून टाकलेल्या प्राण्यांतही फुप्फुसे आणि मूत्रपिंडे अशीच बदलतात. २०२० मध्ये तीन वेगवेगळ्या अवरोधकांवर पुन्हा काम झाले. औषध बंद केल्यावर दोन आठवड्यांत पेशी पूर्ववत झाल्या आणि श्वसनाच्या क्षमतेत घट दिसली नाही. त्याच वर्षी मोठ्या जनुकसंग्रहांतून सुमारे साडेचौदाशे माणसे शोधण्यात आली, ज्यांच्या जनुकाची एक प्रत जन्मापासून निकामी आहे. त्यांच्यात हे प्रथिन निम्मेच असते आणि तरी फुप्फुस, यकृत किंवा मूत्रपिंडाचा विशेष आजार आढळला नाही. निसर्गानेच करून ठेवलेला हा प्रयोग आमच्या मते या साऱ्या कहाणीतला सर्वात मोलाचा पुरावा आहे: आयुष्यभर निम्मे कमी झाले तरी चालते. पूर्ण शून्य केल्यावर काय, हे त्यातून कळत नाही. म्हणूनच माणसांवरच्या चाचण्यांत श्वासाची क्षमता आणि फुप्फुसातून वायू रक्तात जाण्याचा वेग पुन्हा पुन्हा तपासला जातो.

रोखले गेले हे मोजायचे कसे, हा भाग बातम्यांत कधीच येत नाही, आणि कौशल्य खरे तिथे लागते. जिवंत माणसाच्या मेंदूचा तुकडा काढता येत नाही. म्हणून रक्तातल्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींमध्ये रॅब१० वर बसलेला फॉस्फेट मोजतात. दहा-वीस मिलिलिटर रक्त घेऊन चुंबकी कणांनी बाकीच्या पेशी बाजूला करायच्या आणि न्यूट्रोफिल तेवढे ठेवायचे. त्यांचे दोन भाग करून एकात प्रयोगशाळेतला तीव्र अवरोधक, सुमारे २०० नॅनोमोलर, अर्धा तास घालायचा. दुसरा भाग तसाच. दोन्हींतल्या फॉस्फेटचा फरक म्हणजे त्या माणसात उरलेले एन्झाइमचे काम. चूक होते ती पेशी फोडताना. न्यूट्रोफिल म्हणजे प्रथिने चिरणाऱ्या एन्झाइमांचे कोठार. पेशी फुटताच ती एलआरआरके२ चे तुकडे करतात आणि नमुन्यात मोजण्याजोगे काही उरत नाही. नेहमीचे प्रथिनसंरक्षक मिश्रण इथे अपुरे पडते. डीआयएफपी नावाचे रसायन अर्धा मिलिमोलर घालावे लागते, आणि ते चेतासंस्थेवरचे जहाल विष असल्याने हवा खेचणाऱ्या कपाटातच हाताळायचे. फॉस्फेट उडवणारी एन्झाइमही त्याच क्षणी थांबवावी लागतात. रक्त तासन् तास पडून राहिले की आकडे भरकटतात, म्हणून अनेक केंद्रांच्या चाचणीत नमुना कोणी, किती वेळात, कोणत्या तापमानाला हाताळला याची नोंद औषधाइतकीच महत्त्वाची ठरते.

याच चाचणीची मर्यादाही सांगायला हवी. जी२०१९एस असलेल्या लोकांच्या न्यूट्रोफिलमध्ये हा फॉस्फेट ठळकपणे वाढलेला दिसत नाही. म्हणजे औषधाचा परिणाम मोजायला ती चांगली, रोग ओळखायला नाही. शिवाय ती रक्तातली आहे. मेंदूचा अंदाज मणक्यातल्या पाण्यातल्या औषधावरून आणि तिथल्या एलआरआरके२ च्या प्रमाणावरूनच बांधावा लागतो. लघवीतला बीएमपी हा स्निग्ध घटक लाइसोसोमची हालहवाल सांगतो. तो उतरला की औषध पेशीच्या कामापर्यंत पोचल्याची खूण मिळते. पण मूत्रपिंडातली खूण म्हणजे मेंदूतली नव्हे.

कारखान्याबद्दल थोडक्यात. अशा रेणूंचे भाग जोडायला बहुधा पॅलेडियम हा धातू वापरतात. तोंडावाटे घ्यायच्या औषधातून दिवसाला १०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त पॅलेडियम जाऊ नये, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. दीर्घकाळ घ्यायच्या औषधात जनुकाला इजा करू शकणारी अशुद्धी दिवसाला दीड मायक्रोग्रॅमच्या आत हवी. ग्रॅमभर बनवताना हे सहज जमते. किलोंवर गेल्यावर गाळण्या आणि स्फटिकीकरणाचे टप्पे वाढतात, मग वेळही वाढतो.

शेवटचा अडसर चाचणीचा. रोग संथ आहे. हालचालींच्या तपासणीचे कमाल गुण १३२, वर्षाला पडणारा फरक थोड्याच गुणांचा, आणि त्याच रुग्णाचे सकाळ-संध्याकाळचे गुण तेवढेच हलतात. प्लासिबोनेही कंपवाताच्या रुग्णांना काही काळ बरे वाटते. त्यामुळे शेकडो रुग्ण आणि दीड-दोन वर्षे यांवाचून खरा फरक हाती लागत नाही. सेलेजिलिनने ८०० रुग्णांच्या चाचणीत लेव्होडोपाची गरज लांबवली, पण ते रोग मंदावल्याने की केवळ डोपामाइन वाचल्याने, हे सुटले नाही. रासाजिलिनच्या १,१७६ रुग्णांच्या, २००९ च्या चाचणीत एका गटाला औषध ३६ आठवडे उशिरा दिले; उशिरा घेणारे मागेच राहतात का, ही कसोटी. दिवसाला १ मिलिग्रॅमने कसोटी पार केली, २ मिलिग्रॅमने केली नाही, आणि रोग थांबवण्याचा दावा मान्य झाला नाही. सीईपी-१३४७ हा दुसऱ्याच काइनेजांचा अवरोधक ८०६ रुग्णांवर तपासला गेला. प्राण्यांत पेशी वाचवणारे हे औषध माणसांत निष्फळ ठरले आणि चाचणी मध्येच थांबवावी लागली.

बीआयआयबी१२२ या एलआरआरके२ अवरोधकाच्या दोन मोठ्या चाचण्या २०२२ मध्ये सुरू झाल्या. फक्त जनुकबदल असलेल्या ४०० रुग्णांची, १८० आठवड्यांची चाचणी २०२३ मध्ये गुंडाळण्यात आली. असे रुग्ण शोधणे आणि इतकी वर्षे टिकवणे जिकिरीचे ठरत होते. औषध घातक ठरले म्हणून ती थांबली नाही. दुसरी, सुमारे ६४० सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांची, जनुकबदल असो वा नसो, अशी आखली गेली. थांबलेली चाचणी म्हणजे 'औषध फसले' असे मथळे देणे जितके चूक, तितकेच चालू चाचणीला 'उपचार आला' म्हणणे.

तेव्हा आपल्या वार्ताहरांना विनंती अशी की, अशी बातमी देताना प्राणी कोणता, माणसांवरचा टप्पा कोणता, प्लासिबो गट होता का, मणक्यातल्या पाण्यात मोकळे औषध किती आणि पुढच्या गोळीआधी रोख किती टक्के, एवढे विचारून छापावे. उत्तर मिळाले नाही तर तेही छापावे.

रुग्णांनी आणि घरच्यांनी बातमी वाचून लेव्होडोपा कमी करू नये. ते एकाएकी बंद केल्यास तीव्र ताप आणि स्नायूंचा कडकपणा येऊन जिवावर बेतू शकते. निलोटिनिबसारखे औषध मनाने सुरू करू नये: हृदयाच्या ठोक्यांतला क्यूटी काळ (ठोक्यानंतर हृदय पुन्हा सज्ज होण्याचा वेळ) ते लांबवते आणि अचानक मृत्यूचा ठळक इशारा त्याच्या माहितीपत्रकातच आहे. चाचणीत भाग घ्यायचा असेल तर सहीपूर्वी संमतीपत्रात चार गोष्टी शोधाव्यात. मणक्यातले पाणी किती वेळा काढणार, फुप्फुसांची तपासणी दर किती आठवड्यांनी, सध्याच्या गोळ्यांपैकी कोणत्या थांबवाव्या लागतील, आणि चाचणी संपल्यावर औषध मिळत राहणार की नाही.

आपले,
औषधसंशोधनात काम करणारे काही वाचक